मसाई मारातला मोकळा दिवस

मारा नदीच्या काठावर विल्डबीस्टांचा कळप येऊन थांबला, की पुढे काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही. पुढची जनावरं दरडीवर उभी राहून पाण्याकडे बघत राहतात. मागची रेटतात. धूळ उडते, घोगरं हंबरणं वाढत जातं. एखादं धीट जनावर उतारावरून चार पावलं खाली येतं, पाणी हुंगतं आणि दचकून माघारी पळतं. त्याच्यामागे अख्खा कळप. अर्ध्या तासाने सगळे पुन्हा त्याच दरडीवर. पलीकडच्या वाळूत मगरी ओंडक्यासारख्या पडलेल्या असतात. असं दोन तास चालतं, कधी चार तास. मग एकदम कुणीतरी उडी टाकतं आणि त्याच्यामागे हजारो खुरं पाण्यात उतरतात. किंवा कुणीच उडी टाकत नाही, आणि ऊन कलल्यावर कळप शांतपणे चरत मागच्या माळावर निघून जातो.

काठापासून थोड्या अंतरावर गाड्या उभ्या असतात. दुपारी बाराच्या पुढे त्यांतल्या काही गाड्या सुरू होतात आणि वळून निघून जातात, कारण लॉजवर जेवणाची वेळ झालेली असते. उरलेल्या गाड्यांमध्ये लोक डबे उघडतात.

डबा उघडणाऱ्या गाडीत बसायचं असेल, तर त्याची तयारी नदीकाठी करून चालत नाही. ती पुण्यात किंवा ठाण्यात, सहल ठरवतानाच करावी लागते.

मसाई मारा हे राखीव क्षेत्र केनियाच्या नैर्ऋत्येला, टांझानियाच्या सीमेला टेकून आहे. १९६१ साली अभयारण्य म्हणून त्याची सुरुवात झाली आणि आज ते सुमारे १५१० चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. दक्षिणेकडे सीमेपलीकडे त्याच्या कितीतरी पट मोठं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान. जनावरांच्या दृष्टीने हा एकच सलग मुलूख आहे. मसाई लोकांच्या मा भाषेत ‘मारा’ म्हणजे ठिपक्याठिपक्यांचं. सपाट गवताळ माळावर एकेकटी झाडं, झुडपांची बेटं आणि ढगांच्या सरकत्या सावल्या पाहिल्या, की हे नाव ठेवणाऱ्याची नजर पटते.

इथला पर्यटकांचा ठरलेला दिवस दोन फेऱ्यांचा असतो. पहाटे साडेसहाला निघायचं, साडेनऊ-दहाला नाश्त्याला परत यायचं. दुपारचं जेवण, वामकुक्षी, चार वाजता चहा, आणि पुन्हा अंधार पडेपर्यंत दुसरी फेरी. ही रीत चुकीची नाही. सिंह आणि बिबट्या गारव्यात हिंडतात, दुपारी पडून राहतात. छायाचित्रकारांनाही सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेडच हवा असतो. शिवाय स्वयंपाकघराला जेवणाच्या वेळा लागतात आणि चालकालाही विसावा हवा. ताडोब्याला किंवा पेंचला जाऊन आलेल्या मराठी पर्यटकाला तर हे वेळापत्रक अंगवळणी पडलेलं असतं. आपल्याकडे सकाळची पाळी, दुपारची पाळी आणि फाटकाची वेळ यांना सहसा पर्याय नसतो. त्यामुळे आफ्रिकेतही जंगल असंच दोन हप्त्यांत बघायचं असतं, असं अनेकजण गृहीत धरतात.

मारामध्ये तसं बंधन नाही. प्रवेशाचं तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं बारा तासांचं असतं. २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला त्यासाठी जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर मोजावे लागतात. एवढे पैसे भरल्यावर त्यातले पाच-सहा तास लॉजच्या पोहण्याच्या तलावापाशी घालवायचे की माळावर, हे ज्याचं त्याने ठरवावं. मोकळा दिवस म्हणजे तरी काय? सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण बांधून घ्यायचं, परतायची वेळ फक्त एकच ठेवायची, ती म्हणजे फाटक बंद होण्याआधीची, आणि मधल्या वेळात कुठे जायचं, कुठे किती थांबायचं हे समोर जे दिसेल त्यावर सोडायचं.

स्वाहिली भाषेतलं घड्याळ अशा दिवसाला फार शोभून दिसतं. पूर्व आफ्रिकेत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचे ‘सा मोजा’, पहिला तास. आपले दुपारचे बारा म्हणजे ‘सा सिता’, सहावा तास. विषुववृत्त जवळ असल्यामुळे इथे वर्षभर सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि तेवढ्याच नेमाने संध्याकाळी मावळतो, म्हणून हा हिशोब बाराही महिने जुळतो. आपलं पंचांगही दिवस सूर्योदयापासूनच धरतं आणि घटका तिथूनच मोजतं, तेव्हा मराठी माणसाला हे घड्याळ परकं वाटायचं कारण नाही. तशी ती भाषाही पूर्ण परकी नाही. ‘सफारी’ म्हणजे प्रवास. आपल्या ‘सफर’सारखाच तो शब्द मूळ अरबीतून आला. केनियाचा चालक गाडीला ‘गारी’ म्हणतो, पैशांना ‘पेसा’, दुकानाला ‘दुका’, आणि सकाळी ‘चाय’बरोबर ‘चपाती’ खातो. हिंदी महासागरावरून शेकडो वर्षं चाललेल्या व्यापाराची ही शिल्लक आहे.

पहाट मात्र लवकर गाठायलाच हवी. मोकळ्या दिवसाचा अर्थ आरामात उठणं असा नव्हे. माराचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून पंधराशे मीटरच्या वर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच आहे. छत उघडलेल्या गाडीत पहाटेचा वारा बोचतो, आणि आफ्रिका म्हणजे उकाडा या समजुतीने आलेल्यांची दातखीळ बसते. एक स्वेटर, वर एक जाकीट, आणि दहा वाजेपर्यंत दोन्ही पाठपिशवीत. कपडे खाकी किंवा मातकट रंगाचे बरे, कारण गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्सेत्से माश्या ओढल्या जातात.

या पहिल्या तासात बहुतेक गाड्या सिंहांच्या शोधात सुसाट निघतात, आणि वाटेतल्या तरसांच्या बिळापाशी कुणी थांबत नाही. ही चूक टाळण्यासारखी आहे. मारामधला तरस ठिपकेवाला. आपल्याकडचा पट्टेवाला तरस त्याचा चुलतभाऊ. रात्रभर हिंडून आलेल्या माद्या बिळाच्या तोंडाशी पिल्लांना पाजत पडलेल्या असतात आणि काळपट रंगाची लहान पिल्लं गाडीच्या चाकांकडे कुतूहलाने बघत बाहेर येतात. तालेक नदीच्या परिसरातल्या तरसांच्या एका कुळाचा अभ्यास अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ के होलेकँप यांनी १९८८ साली सुरू केला. तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. त्यातून उलगडलेलं जग थक्क करणारं आहे. या कुळात सत्ता माद्यांची असते. मुलीला आईच्या खालोखाल मान मिळतो, आणि बाहेरून आलेला नर कितीही धिप्पाड असला तरी त्याची जागा रांगेत शेवटी. उष्ट्यावर जगणारा भेकड प्राणी ही तरसाची ख्यातीही खोटी ठरली. मारातले तरस आपलं बहुतेक अन्न स्वतः शिकार करून मिळवतात. अर्धा तास बिळापाशी बसलं, तर कोण कुणासमोर मान झुकवतं, हे नवख्या डोळ्यालाही दिसायला लागतं.

सिंह दिवसातले सोळा ते वीस तास झोपतात. म्हणजे सिंह दिसणं सोपं, सिंह काही करताना दिसणं अवघड. सात-आठ गाड्यांच्या घोळक्यातून झोपलेल्या सिंहाचा फोटो काढून दहा मिनिटांत पुढे गेलेल्याला सिंह भेटला असं म्हणणं जरा धाडसाचं आहे. १९९६ पासून बीबीसीने इथे ‘बिग कॅट डायरी’ ही मालिका चित्रित केली आणि मुसियारा दलदलीच्या आसपास राहणारा ‘मार्श प्राइड’ हा सिंहांचा कळप जगभर घराघरांत पोचला. त्या मालिकेतले थरारक क्षण दिसले, कारण चित्रीकरण करणारी माणसं त्याच त्या जनावरांबरोबर आठवडेच्या आठवडे राहत होती. चार दिवसांसाठी आलेल्या प्रवाशाला आठवडे परवडणार नाहीत. पण एका सकाळचे तीन तास एकाच कळपाला देणं त्याच्या हातात असतं. त्या तीन तासांत कदाचित एक सिंहीण उठेल, आळस देईल, दूरवरच्या झेब्र्यांकडे कान टवकारेल, आणि तिच्या नजरेचा रोख पाहून बाकीच्या दोघी एकेक करून उठतील.

साडेनऊच्या सुमारास माळ रिकामा होऊ लागतो. गाड्या नाश्त्याला परततात. चित्त्याची वेळ इथून सुरू होते.

चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो, कारण रात्र सिंहांची आणि तरसांची असते. अंगाने सडपातळ, जबडा लहान. दांडगाई करणाऱ्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. म्हणून इतर दांडगे सुस्तावले की तो वारुळावर चढतो आणि क्षितिज न्याहाळू लागतो. थॉमसन गॅझेल हे आपल्या चिंकाऱ्याच्या जातकुळीतलं चपळ जनावर त्याचं मुख्य भक्ष्य. मादी गवतातून एकेक पाऊल टाकत, थबकत, पुन्हा सरकत तासभर पुढे जाते. धाव मात्र काही सेकंदांची असते. बऱ्याचदा ती फसते. साधली तरी मादी लगेच खात नाही. धापा टाकत बसते, आणि तेवढ्यात वास लागून तरस आला तर शिकार सोडून मुकाट निघून जाते. हे सगळं साडेदहा, अकरा, साडेबारा अशा वेळी घडतं. दोन फेऱ्यांच्या दिवसात नेमका हाच भाग गळून पडतो.

चित्त्यापाशी थांबताना एक गोष्ट मनात पक्की असायला हवी. फेम्के ब्रुकहाउस या संशोधिकेने माराच्या परिसरात केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ जिथे फार होती, तिथे एका विणीतली सरासरी ०.२ पिल्लं स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोचत होती. जिथे वर्दळ कमी, तिथे २.३. म्हणजे दहापटीहून मोठा फरक. गाड्या काही पिल्लांच्या अंगावर जात नाहीत. पण आईचं लक्ष विचलित होतं, ती लपूनछपून भक्ष्याजवळ जाऊ शकत नाही, आणि गाड्यांच्या गर्दीवरून शिकाऱ्याचा ठावठिकाणा इतरांना कळण्याचीही शक्यता असते. वर्षानुवर्षं चित्ते गाडीच्या टपावर चढल्याची छायाचित्रं लोक कौतुकाने मिरवत आले. ते कौतुक आता सोडून द्यायला हवं. हातात भरपूर वेळ असलेल्या प्रवाशाला तर ते सहज जमतं: तो दूर उभा राहू शकतो, दुर्बिणीतून बघू शकतो, चित्तीण पिल्लांना घेऊन सरकू लागली तर तिच्यापुढे गाडी आडवी न घालता जागेवर थांबू शकतो. घाई असलेली गाडीच सहसा जास्त जवळ जाते.

राखीव क्षेत्राचे नियमही हेच सांगतात. एका जनावराभोवती एका वेळी पाचांहून जास्त गाड्या नकोत, इतर वाट बघत असतील तर दहा मिनिटांत जागा रिकामी करायची, अंतर राखायचं, मळलेली वाट सोडून गवतात गाडी घालायची नाही, नेमलेल्या जागेशिवाय खाली उतरायचं नाही. गर्दीच्या महिन्यांत हे नियम मोडले जातात. २०२५ च्या जुलैमध्ये सेरेंगेटीच्या बाजूला पर्यटक गाड्यांतून उतरून नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टांच्या वाटेत उभे राहिल्याची चित्रफीत जगभर फिरली आणि संताप उसळला. चालकाला जास्त जवळ जायची गळ घालणारा प्रवासी त्याला अडचणीत टाकतो. नियम मोडल्याचा भुर्दंड चालकावर येतो, आणि नकार दिला तर बक्षिसी बुडण्याची भीतीही त्यालाच असते. ‘आम्हाला घाई नाही, जवळ जायचंही नाही,’ हे पहिल्याच सकाळी स्वच्छ सांगितलं, की त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

भर दुपारी बघण्यासारखं काही नसतं, हा समज दुपारी लॉजवर परतणाऱ्यांमुळेच टिकून राहिला असावा. ऊन तापलं की हवेचे गरम झोत वर चढतात आणि त्यांच्यावर स्वार होऊन गिधाडं उंच जातात. आकाशात घिरट्या घालणारं गिधाड फार काही सांगत नाही. पंख आवळून एका दिशेने तिरपं खाली येणारं गिधाड मात्र शिकारीचा पत्ता देतं. जाणता चालक दुपारी जमिनीपेक्षा आकाशाकडे जास्त बघतो. भारतातली गिधाडं डायक्लोफेनॅक या औषधापायी नाहीशी होत गेली. इथल्या गिधाडांना विषाचा धोका वेगळ्या वाटेने येतो. गुरं मारणाऱ्या सिंहांचा काटा काढण्यासाठी मेलेल्या जनावरात विष कालवलं जातं, आणि ते मांस खाऊन गिधाडंही मरतात. २०१५ च्या डिसेंबरमध्ये मार्श प्राइडमधले सिंह अशाच विषप्रयोगाला बळी पडले.

सावलीला थांबायचं तर माळावरचं एकांडं झाड निवडायचं, तेही आधी वर नीट बघून, कारण फांदीवर बिबट्या असू शकतो. माराच्या माळावर छत्रीसारखी उभी असलेली ही झाडं बहुधा आपल्याकडच्या हिंगणबेटाची भाऊबंद असतात. जिराफ खालून कुरतडत असल्यामुळे त्यांचा घेर कातरीने कापल्यासारखा सरळ दिसतो. इथे डबा उघडावा. निळ्या-जांभळ्या छातीचा आफ्रिकी नीलपंख जवळच्या काटकीवर येऊन बसतो, आणि नशीब असेल तर कोरी बस्टर्ड संथ पावलं टाकत गवतातून जाताना दिसतो. हा जगातल्या सर्वांत वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक, आणि आपल्या माळढोकाचा अगदी जवळचा नातलग. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात ज्याच्या दर्शनासाठी पक्षीनिरीक्षक झुरतात, त्याचा हा भाऊ इथे भर दुपारी निर्धास्त चरताना बघून मराठी माणसाला आनंद होतो आणि लगेच पोटात कालवतंही. मारामध्ये साडेचारशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. पण सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस या ‘बिग फाइव्ह’च्या यादीवर खुणा करत फिरणाऱ्या गाडीला पक्ष्यांसाठी वेळ नसतो. ती यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी शिकार करायला सर्वांत धोकादायक असे पाच प्राणी. बंदुका गेल्या, यादी राहिली.

डब्याचं बोलायचं तर मराठी प्रवासी याबाबतीत कुणाला हार जाणार नाहीत. लाडू, चिवडा, धपाटे घरून निघतातच. फक्त ते प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू नयेत. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत आणि राखीव क्षेत्रांत एकदाच वापरून फेकायच्या बाटल्या, पेले, चमचेही चालत नाहीत. कापडी पिशव्या आणि स्टीलचे डबे घेऊन निघालं की प्रश्न मिटतो. दिवसभर बाहेर राहायचं म्हटल्यावर घरातल्या ज्येष्ठांच्या मनात पहिली शंका येते ती स्वच्छतागृहाची, आणि ती विचारायला ते संकोचतात. फाटकांपाशी आणि काही ठरावीक ठिकाणी सोय असते. एरवी चालक एखादी सुरक्षित जागा शोधून, आधी स्वतः बघून देतो. पूर्व आफ्रिकेत या थांब्याला ‘कुचिंबा दावा’ म्हणतात, म्हणजे औषध खणायला जाणं. ‘दावा’ म्हणजे आपली ‘दवा’च. तेवढे दोन शब्द म्हटले की पुढे काही बोलावं लागत नाही.

दुपारनंतर अनेकदा ढग दाटतात. माराच्या मोठ्या भागात कापसाची काळी माती आहे. विदर्भ-मराठवाड्यात वाढलेल्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. एक जोरदार सर आली की वाटेचा राडा होतो आणि लँड क्रूझरची चाकं जागच्या जागी फिरू लागतात. सकाळी आखलेला रस्ता मग सोडून द्यावा लागतो. अशा वेळी वेळापत्रकाची गाडी वैतागते. मोकळ्या गाडीतले लोक पावसाने धुतलेल्या उजेडात हत्तींचा कळप चिखलात लोळताना बघत बसतात.

आणि नदी? जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट, त्यांच्याबरोबर लाखो झेब्रे आणि गॅझेल, सेरेंगेटी-माराच्या या मुलखात हिरव्या गवताच्या आणि पावसाच्या मागे फिरत असतात. त्यांतले मोठाले कळप मारा नदी ओलांडतात, तीही एकदा नव्हे. पाऊस जिथे पडेल तिकडे, पुन्हा पुन्हा, इकडून तिकडे. काठावर जमलेल्या लोकांना मगरींची झडप बघायची असते. खरी जीवितहानी होते ती चेंगराचेंगरीत आणि प्रवाहात बुडून. २००१ ते २०१५ या वर्षांच्या नोंदी तपासून अमांडा सबलस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की वर्षाला सरासरी ६२५० विल्डबीस्ट या नदीत बुडून मरतात. त्यांचं एकूण वजन अकराशे टनांच्या घरात जातं. पण त्या मरणाचा नदीला उपयोग होतो. गिधाडं आणि मराबू करकोचे येतात, मगरी खातात, मासे खातात. मऊ भाग काही आठवड्यांत संपतो आणि हाडं सुमारे सात वर्षं विरघळत राहून पाण्यात फॉस्फरस सोडतात. कळप न बघता नुसत्या नदीकाठी बसलेल्या माणसाच्या समोरही या सगळ्याचा अंश वाहत असतो. एखादा दिवस कळपाने उडी टाकली नाही, तरी तिथे घालवलेले चार तास फुकट गेले असं मानायचं कारण नाही: पाणघोडे आहेत, खंड्या आहे, दरडीवर कालच्या खुरांचे ठसे आहेत.

याहून मोकळीक हवी असेल, तर राखीव क्षेत्राच्या उत्तरेला आणि पूर्वेला पसरलेल्या ‘कॉन्झर्व्हन्सी’ म्हणजे मसाई जमीनमालकांच्या संवर्धन-क्षेत्रांकडे वळावं लागतं. सामुदायिक जमिनींची वाटणी होऊन घरटी तुकडे पडले, तेव्हा कुंपणं उभी राहण्याचा आणि जनावरांच्या वाटा तुटण्याचा धोका निर्माण झाला. त्यावर २००५-०६ च्या सुमारास एक मार्ग निघाला. शेजारी-शेजारी मालकांनी जमिनी एकत्र करून पर्यटन-छावण्यांना भाड्याने द्यायच्या; छावण्यांनी ठरलेलं भाडं दरमहा थेट मालकांना द्यायचं, मग पर्यटक येवोत वा न येवोत. २०१० मध्ये स्थापन झालेल्या नाबोइशो क्षेत्रात पाचशेहून अधिक मालकांची सुमारे ५० हजार एकर जमीन एकत्र आली. ‘नाबोइशो’चा मा भाषेतला अर्थच एकत्र येणं. तिथे साडेतीनशे एकरांमागे एक तंबू असं प्रमाण ठेवलेलं आहे, त्यामुळे एका चित्त्याभोवती गाड्यांचा बाजार भरत नाही. जमीनमालकांची गुरंही ठरवून दिलेल्या भागांत आळीपाळीने चरतात. आणि राखीव क्षेत्रात ज्याला मनाई आहे ते इथे करता येतं: रात्री दिव्याच्या झोतात फिरणं, मसाई वाटाड्याबरोबर पायी चालणं. पायी चालताना सिंहापेक्षा लक्ष जातं ते शेणकिड्याकडे, पावलांच्या ठशांकडे, आणि फुगीर काट्यांच्या बाभळीकडे, जिच्या काट्यांच्या पोकळीत मुंग्या राहतात आणि भोकांतून वारा गेला की शीळ वाजते.

हे सगळं महाग आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. संवर्धन-क्षेत्रातल्या छावण्या महाग आहेत, स्वतंत्र गाडी महाग आहे. पण मोकळ्या दिवसासाठी छावणी भारी असावीच लागते असं नाही. खर्चाचा विचार केला तर सर्वांत मोठा फरक पडतो तो सहलीच्या आखणीने. आपल्याकडून जाणाऱ्या अनेक सहलींमध्ये आठवडाभरात अंबोसेली, नैवाशा, नकुरू आणि मारा अशी सगळी नावं कोंबलेली असतात. नैरोबीहून नारोकमार्गे मारा सुमारे २७० किलोमीटर, पाच-सहा तासांचा रस्ता. बाकीची काही अंतरंही तशीच. जागेपणातला बराचसा वेळ खिडकीतून ट्रक बघण्यात जातो आणि मारात दोन रात्री उरतात. एक-दोन नावं कमी करून मारामध्ये चार रात्री राहिलं, तर त्याच पैशांत दोन पूर्ण दिवस मोकळे मिळू शकतात. चार-पाच ओळखीच्या माणसांनी मिळून एक गाडी घेतली, की तिचं भाडंही आवाक्यात येतं. मात्र ती माणसं एकाच आवडीची असावीत. एकाला पक्षी, दुसऱ्याला फक्त सिंह आणि तिसऱ्याला दुपारची झोप हवी असेल, तर कितीही मोकळी गाडी भांडणातच अडकते.

चालकाची निवड गाडीच्या निवडीहून महत्त्वाची. केनियात व्यावसायिक वाटाड्यांची संघटना १९९६ पासून परीक्षा घेऊन कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा श्रेणी देते. आपला वाटाड्या कोणत्या श्रेणीचा आहे, हे आधी विचारण्यात काही गैर नाही. वायरलेसवर इतर चालक काय सांगतात त्याकडे धावत सुटणारा एक प्रकार असतो, आणि इंजिन बंद करून बबून माकडांचा ओरडा कुठून येतोय हे ऐकणारा दुसरा. दुसरा मिळाला तर त्याच्या मताने चालावं. त्याचाही दिवस बारा-तेरा तासांचा होतो. दुपारी झाडाखाली अर्धा तास त्याला डोळा लागू द्यावा, आणि शेवटच्या दिवशी बक्षिसी देताना हे तास आठवावेत.

संध्याकाळी फाटकाबाहेर पडताना सूर्य ओलोलोलो कड्याकडे उतरत असतो. छावणीत शेकोटी पेटलेली असते, नदीकडून पाणघोड्यांचं हसल्यासारखं घुरघुरणं येत असतं. सकाळी डबे न घेता निघालेले आणि डबे घेऊन निघालेले, दोघेही गरम सूप पीत बसलेले असतात. चालक गाडीतली धूळ झटकून येतो आणि उद्या किती वाजता निघायचं, ते विचारतो. कुणीतरी स्वाहिली घड्याळ आठवून, जरा अडखळत, ‘सा कुमी ना मबिली’ म्हणतं. रात्रीचा बारावा तास. म्हणजे पहाटेचे सहा. चालक मान डोलावतो आणि डबे सांगायला स्वयंपाकघराकडे जातो.